मानेच्या बदल्यात कान

बंजारा तांडा, मुकुटबनजवळ
११ नोव्हेंबर २०२४

पंजाबभाऊ,

जय सेवालाल.

फोन असताना हा लखीराम कागद काहून काळा करून राह्यला, असं तुमी म्हणाल. तं ऐका. गेल्या आठवड्यात मी फोनवर सांगितलं, "सोयाबीन निघालं." तुमी तिकडून विचारलं, "कोण वारलं?" मी जीव तोडून ओरडलो, "सोयाबीन!" तं तुमी म्हणता, "अरेरे, माती कधी?" आमची हंसाबाई हसता हसता ओट्यावरून खाली आली. अकरा वर्सं तुमी माह्या गाडीवर कंडक्टर होते. मागच्या शिटावरची म्हातारी तोंडातल्या तोंडात पुटपुटली तरी तुमाले आयकू जाये. आता रिटायर होऊन घाटंजीत बसले, अन् कान वणी डेपोतच इसरून गेले. मशीन लावा म्हटलं तं म्हणता, "मी का म्हातारा झालो?" म्हणून पत्र.

सध्या माह्या गाडीवर वर्षा आहे कंडक्टर, तुमच्याच घाटंजीची. हुशार पोरगी आहे. सुटीवर येते तवा ती हे पत्र तुमच्या हाती देईन.

इकडं सगळं ठीक. मान जराशी अकडली आहे. उकंडा न्हावी दर आइतवारी दाढी झाली की मान दोन्हीकडं कडकन मोडून देते, दोन दिवस बरं वाटते. डाव्या हाताले मुंग्या येते, पण ड्रायव्हरच्या हाताले मुंग्या नाही येणार तं कोणाले? पुढच्या डिसेंबरात मी पण रिटायर. एक वर्स तं राह्यलं. निघून जाईन.

तुळसावहिनीले नमस्कार.

तुमचा,
लखीराम


घाटंजी
२० नोव्हेंबर २०२४

लखीराम,

सप्रेम जय भीम.

पत्र भेटलं. सोयाबीनच्या मातीले येणं जमलं नाही, माफ कर.

आता कामाचं बोलतो. मी कंडक्टर माणूस, कागद हातात आला की आधी अक्षर पाह्यतो. तुह्यं अक्षर मी अकरा वर्सं लॉगशीटवर पाह्यलं. सुंदर कधीच नव्हतं, पण ओळ सोडून जात नव्हतं. या पत्रात तुह्या ओळी उतारावर लागल्या आहेत. 'हंसाबाई'तला 'ह' तीनदा गिरवला आहे. मुंग्या डाव्या हाताले म्हणतोस, मंग लिवणारा उजवा हात काहून बिघडला?

वर्षाले चहा पाजला अन् बोलती केली. ती म्हणे, "काका, ड्रायव्हर साहेब मागं पाहाचं असलं की मान नाही वळवत, अख्खे फिरतेत. परवा शर्टाची गुंडी लावाले पाच मिनिटं लागले." तिच्यावर राग धरू नको. तिले काळजी वाटते म्हणून बोलली.

माह्या भावाची पोरगी जया नागपूरले मोठ्या दवाखान्यात नर्स आहे, तुले माहीत आहे. तिले चिठ्ठी धाडून विचारलं. ती लिवते, मानेतली गादी सरकली अन् एका बाजूची नस दबली तं एक हात दुखते. पण दोन्ही हात बिघडले, गुंडी लागत नसली, चालताना तोल जात असला, तं आतला मेन दोर दबून राह्यला. तिथं थांबाचं नसते. यवतमाळले जा, एम.आर.आय. काढ. अन् उकंड्याले सांग, दाढी कर, मान माह्याजवळच राहू दे.

तुळसा म्हणते, पत्रात मलेच शिव्या लिवून राह्यला काय. नाही म्हटलं. तिचं पुढचं आयकू आलं नाही.

पंजाबराव


तांडा
२९ नोव्हेंबर २०२४

पंजाबभाऊ,

जय सेवालाल.

रिटायर झाले तरी तुमची तपासणी काही सुटत नाही. गेलतो यवतमाळले. फोटो काढला. त्या भोंग्यात अर्धा घंटा निजवलं, अन् आत असा आवाज की जसं कोणी माह्या डोक्यावर पत्रे ठोकून राह्यलं. डॉक्टरनं सांगितलं, गादी थोडीशी सरकली आहे, गोळ्या घ्या, शेक द्या. काही विशेष नाही.

उकंड्याचं बंद केलं. त्याले वाईट वाटलं. म्हणे, "मालक, माह्या हातानं आजवर कोणाचं वाईट झालं नाही." मी म्हटलं, "होऊही देऊ नको."

अन् ऑपरेशन-बिपरेशनचं नाव माह्यापुढं काढू नका. पलीकडच्या तांड्यातला सेवादास मणक्याचं ऑपरेशन करून आला, तो आजवर खाटेवर आहे. ड्रायव्हरले एकदा स्टेअरिंगवरून उतरवलं की मंग तो डेपोत चाव्या मोजत बसते. मले नाही बसाचं. एक वर्स ढकललं की सुटलो.

तुमीच पहा, तुमाले मशीन लावा म्हणून सहा वर्सं झाले सांगून राह्यलो, लावली काय?

लखीराम


घाटंजी
६ डिसेंबर २०२४

लखीराम,

जय भीम.

खोटं बोलून राह्यला. "थोडीशी सरकली, काही विशेष नाही" हे डॉक्टरचे शब्द नाहीत, तुह्ये आहेत. गाडी गरम झाली तरी तू असंच म्हणत होता. मले त्या रिपोर्टची झेरॉक्स पाठव.

सेवादासचं मले माहीत आहे. तो झाडावरून पडला होता, कंबर मोडून दवाखान्यात गेला होता. ऑपरेशननं तो खाटेवर नाही पडला, पडल्यामुळं ऑपरेशन झालं. उलटं सांगू नको.

अन् एक गोष्ट लिवतो, राग आला तं येऊ दे. तुही मान तुही आहे. पण गाडीत मागं चाळीस-पन्नास माणसं बसतेत, त्याईच्या माना तुह्या नाहीत. त्यातली एकही माय चढताना विचारत नाही का ड्रायव्हरच्या हातात ताकद आहे काय. ती धरून चालते का आहे. अकरा वर्सं मी तुह्या पाठीमागं डोळे मिटून झोपलो. आज तुह्या गाडीत मी बसणार नाही.

पंजाबराव


तांडा
२ जानेवारी २०२५

पंजाबभाऊ,

जय सेवालाल.

जवळपास महिना झाला, मी उत्तर दिलं नाही. तुमचं पत्र वाचून लय राग आला होता. फाडलं, मंग हंसाबाईनं पीठ लावून चिकटवलं. आता सगळं खरं लिवतो.

१७ डिसेंबरले राजूरची फेरी होती. गाडी भरून. पुढं कोळशाचा ट्रक. त्यानं एकाएकी ब्रेक दाबला. मी पण दाबला, अन् गिअर खाली घ्याले डावा हात टाकला. हात गिअरवर होता, भाऊ, पण गिअर हातात नव्हता. बोटं वळलीच नाहीत. गाडी ट्रकच्या मागं हातभर अंतरावर उभी राह्यली. मागं कोणाले काही समजलं नाही. एक बाई म्हणे, "हळू ना, बाप्पा!" बस, तेवढंच.

पुढं नेता आली असती. राजूर समोर दिसत होतं. पण तुमचा तो 'धरून चालते' शब्द डोक्यात बसला होता. गाडी कडेले घेतली, बंद केली, चावी काढून वर्षाच्या हातात दिली. ती घाबरली. "गाडी बिघडली काय?" मी म्हटलं, "गाडी चांगली आहे. ड्रायव्हर बिघडला."

मंग काय! लोकाईनं जे धुतलं मले! कोणाचं लग्न होतं, कोणाची कोर्टाची तारीख. एक जण म्हणे, "ड्युटीवर आला कायले?" त्याचं बरोबर होतं. रामीबाई नावाची एक म्हातारी उतरली, पिशवीतून पाण्याची बाटली काढली अन् म्हणे, "पे बेटा. आमी थांबतो. उशिरा पोचलेलं बरं." दुसरा ड्रायव्हर यायला घंटाभर लागला. तोवर ती माह्याजवळ बसून तिच्या गुडघ्याच्या गोष्टी सांगत राह्यली.

वाटलं होतं डेपोत साहेब फाडून खातील. त्याईनं विचारलं, "स्वतःहून थांबवली?" हव म्हटलं. तं म्हणे, "राठोड, आधी मान दुरुस्त करून या. खुर्ची पळून नाही जात."

आता दुसरं खरं. यवतमाळच्या डॉक्टरनं नोव्हेंबरातच सांगितलं होतं, गादी चांगलीच सरकली, दोर दबला, लवकर ऑपरेशन करा. तो कागद मी ज्वारीच्या कोठीत खुपसला होता. हंसाबाईले दळण काढताना सापडला. तिले इंग्रजी वाचता येत नाही, पण माह्यं तोंड वाचता येते. दोन दिवस तो कागद पदराले बांधून फिरली. तिसऱ्या दिवशी म्हणे, "पंजाब भियाले लिव." आमच्या बोलीत भिया म्हणजे भाऊ. तुमाले तिनं कधीचं भाऊ मानलं आहे, तवा आता हा घरातला मामला झाला.

भेव वाटते, भाऊ. कोणी म्हणते गळ्याकडून कापतेत. मान मागं असते ना, मंग हे समोरून कायले? आवाज गेला तं? हातपाय गेले तं?

शेवटची अट. मी मान देतो, तुमी कान द्या. तुमी मशीन लावल्याबिगर मी टेबलावर झोपणार नाही. मंजूर असलं तं लिवा.

तुमचा,
लखीराम


घाटंजी
१० जानेवारी २०२५

लखीराम,

सप्रेम जय भीम.

मंजूर. तुह्या पत्राचं उत्तर उशिरा, कारण यवतमाळले मशीन घ्यायले गेलतो.

आधी तुह्यं. जयानं दोन पानं भरून लिवलं आहे, त्यातलं सांगतो. समोरून काहून? मागून गेलं तं मधात तो दोर येते, गादी त्याच्या पुढं असते. समोरून गळ्याच्या वळीवर दोन-तीन बोटाएवढी चीर देतेत, श्वासनळी अन् अन्ननळी हळूच बाजूले सारतेत, अन् दुर्बिणीतून पाहत सरकलेली गादी काढून घेतेत. तिच्या जागी धातूची इवलीशी डबी बसवतेत. दुसऱ्या दिवशी माणसाले चालवतेत. धोका कशातच नाही असं ती म्हणत नाही. आवाज काही दिवस बसू शकते, गिळाले त्रास होते, अन् क्वचित कोणाले यापेक्षा जास्तही होते. पण दाबून ठेवलं तं हात-पाय हळूहळू जाणार हे नक्की. तिच्याच दवाखान्यात दाखव. ती वॉर्डात आहे, तुले एकटं वाटणार नाही.

आता माह्यं. मशीन लावून दुकानाबाहेर आलो तं पह्यल्यांदा आयकू आला माह्याच चपलेचा आवाज. दचकून मागं पाह्यलं, कोण येऊन राह्यलं म्हणून. घरी आलो, तुळसाले सांगितलंच नाही. टोपी कानावर ओढून बसलो. दोन दिवसांत समजलं का मी 'चहा ठेव' म्हटलं की ती 'ठेवते' म्हणते अन् त्यानंतर आणखी चार वाक्यं म्हणते. ती चार वाक्यं पत्रात लिवण्यासारखी नाहीत. सहा वर्सं मी हसून मान हलवत होतो!

पण अजून एक समजलं. भाकरी थापताना ती गुणगुणते. लग्नाच्या वक्ती गुणगुणे, मले वाटलं होतं तिनं सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी तिनं टोपी उचलली अन् पकडला गेलो. पाचवं वाक्य तोंडावर आयकलं.

मी अट पाळली. आता तुही पाळी.

पंजाबराव


घाटंजी
२६ जानेवारी २०२५

लखीराम,

जय भीम.

२२ तारखेले ऑपरेशन झालं, ठीक झालं, हे जयानं कळवलं. तुळसानं त्या दिवशी दुपारपर्यंत काही खाल्लं नाही, मले पण दिलं नाही.

पण माही फसवणूक झाली, गड्या. काल मोठ्या हौसेनं मशीन लावून तुह्याशी फोनवर बोललो. सहा वर्सांनी तुहा आवाज आयकणार म्हणून फोन धरण्याआधी केस विंचरले. अन् आलं काय? फुटक्या पिपाणीतून हवा सोडावी तसं काहीतरी. "कोण बोलते?" म्हटलं तं "फुस्स फुस्स लखीराम". मी समजलो, मशीन गेली. आजच्या आज यवतमाळ गाठलं. सुटी असून दुकानवाल्याले घरून बोलावून आणलं. त्यानं तीनदा तपासली. म्हणे, "आजोबा, मशीन चांगली आहे." मी म्हटलं, "मंग माह्या दोस्ताचा आवाज काहून खराब येते?" तो म्हणे, "ते तुमच्या दोस्ताले विचारा." भांडलो अन् मशीन त्याच्याच टेबलावर ठेवून आलो.

आता पुन्हा पत्रावरच आलो. तुही तब्येत सविस्तर लिव. लिवता येत नसलं तं जयाले सांग.

पंजाबराव


नागपूर
१ फेब्रुवारी २०२५

पंजाबभाऊ,

जय सेवालाल.

आधी यवतमाळले जा अन् त्या बिचाऱ्या दुकानदाराची माफी मागून मशीन घेऊन या. मशीन चांगली आहे. आवाज माहाच खराब आहे! ऑपरेशनमंधी गळा बाजूले सारला ना, तो रुसला. डॉक्टर मॅडम म्हणते, काही आठवड्यांत येईन. तुमचं पत्र जयानं वाचून दाखवलं. हसाची मनाई असून हसलो, तं शेजारच्या खाटेवरचा माणूस पण हसाले लागला, अन् सिस्टर धावत आली.

डॉक्टर मॅडम माह्या पोरीएवढी आहे. आदल्या दिवशी मणक्याचा फोटो उजेडावर धरून म्हणे, "काका, या दोन मणक्यांमधली गादी म्हणजे तुमच्या गाडीचा शॉकअप समजा. तो फुटून आत घुसलाय." मी विचारलं, "नवीन टाकला की गाडी पह्यल्यासारखी पळन काय?" ती खोटं नाही बोलली. म्हणे, "दुखणं लवकर जाईल. बधिरपणा सावकाश जाईल, कदाचित थोडा राहीलही. ताकद किती येते ते तुमच्या व्यायामावर आहे. आणि गाडीचं मी आज काहीच सांगत नाही." मले तिचं हे शेवटचं वाक्य लय आवडलं नाही, पण तिच्यावर भरवसा बसला.

नेताना हंसाबाईनं हात धरला होता. दारापर्यंत आली. मी म्हटलं, "काही राह्यलं काय सांगाचं?" तं म्हणे, "कोठीत अजून काही कागद ठेवले असले तं आताच सांग." सगळे हसले. मी पण हसतच आत गेलो.

शुद्धीवर आलो तं डावा हात दुखत नव्हता. आठ महिने जो हात दिवसरात जळे, तो गप होता. मले रडू आलं. जया म्हणे, "काका, दुखते काय?" मी मानेनं नाही म्हणाले गेलो, तं पट्टा! बोटानं 'नाही' केलं.

सध्या पातळ खिचडी अन् ताक. मूठ वळते, पण ढिली. रोज रबरी चेंडू दाबतो. हे पत्र चार दिवस लिवून राह्यलो, रोज थोडं थोडं.

तुमचा,
लखीराम


घाटंजी
१८ मार्च २०२५

लखीराम,

सप्रेम जय भीम.

माफी मागितली. दुकानदारानं चहा पाजला. मशीन कानात आहे. परवा फोनवर तुहा आवाज चांगला आला. पण खरं सांगू? फोनवर आपण दोघं "हव" अन् "बरं" याच्या पुढं गेलो नाही. तू तिकडं गप, मी इकडं गप. तुळसा म्हणे, "आता आयकू येते तं बोला ना." मी म्हटलं, लिवतो.

व्यायाम सोडू नको. दोन महिने झाले म्हणून बैलबंडीवर चढू नको. वर्षा सांगत होती, तू डेपोत येऊन उभ्या गाडीच्या स्टेअरिंगवर बसून गेला. मॅडमले विचारलं होतं काय? अन् गाडी नाही चालवाले भेटली तं काय करशीन, हे पण मनात धरून ठेव. मी तुले भेव घालत नाही. फक्त तू एकटा बसून याचा विचार करू नको, मले लिव.

पंजाबराव


तांडा
८ मे २०२५

पंजाबभाऊ,

जय सेवालाल.

तुमी म्हटलं होतं म्हणून मनात धरलं होतं. डेपोत चाव्या वाटाच्या तं वाटू, असं हंसाबाईजवळ बोलूनही टाकलं. ती म्हणे, "लोक चाव्या घ्याले तुह्याजवळ येतील, तू गोष्टी सांगत बसशील, गाड्या लेट होतील."

एप्रिलच्या शेवटी मॅडमनं पुन्हा फोटो काढला. डबी जाग्यावर, हाड जुळून राह्यलं. ताकद मोजली. मंग डेपोच्या साहेबानं नेमलेल्या डॉक्टरनं तपासलं. मंग डेपोच्या मैदानात रिकामी गाडी घेऊन तीन दिवस चाचणी, मागं घे, पुढं घे, वळव. डाव्या अंगठ्याचं टोक अजून बधिर आहे. ते मी स्वतःच सांगितलं, कोणी विचारण्याआधी. डॉक्टरनं हातात पेन, नाणं, चावी देऊन पाह्यली. मंग सही केली. लांबची फेरी नाही, जवळची देतो म्हणे.

५ तारखेले सोमवारी मुकुटबनची फेरी भेटली. हंसाबाईनं सकाळी डबा बांधला. वर्षानं हजेरी लावली. ऊन असं की स्टेअरिंगले फडकं गुंडाळावं लागलं. झरीकडच्या बायका तेंदूपत्त्याचे पुडे घेऊन चढल्या, गाडीत त्या पानाचा वास भरला. दोघीत जागेवरून भांडण झालं. एका बाईची कोंबडी पिशवीतून निसटली, ती पकडली. एका जागी म्हशी आडव्या आल्या, थांबलो. मी मान वळवून डावीकडं पाह्यलं, मंग उजवीकडं पाह्यलं. म्हशी गेल्या, निघालो. मुकुटबनले वेळेवर, वणीले पाच मिनिटं आधी. गाडी लावली, चावी दिली, सही केली.

घरी आलो तं हंसाबाई दारात उभी. दिवसभर कामाले हात लावला नव्हता तिनं, हे मले अंगणावरूनच दिसलं. विचारलं, "काय झालं आज?"

एकोणतीस वर्सं रोज हाच सवाल, अन् रोज माह्यं हेच उत्तर. पण त्या दिवशी ते सांगाले मले मध्येच दम घ्यावा लागला. म्हटलं, "काही नाही झालं."

ती आत गेली, पदरानं तोंड पुसलं, अन् भाकरीले पीठ घेतलं.

तुमचा,
लखीराम